जोडे दारात असताना

आमच्या घरात कुकरची शिटी वाजणार की नाही, हे बाबांच्या पाळीवर ठरायचं. बाबा प्लांटमध्ये कोक ओव्हनला होते. भिलाईत ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना एवढं सांगितलं की पुरतं. बाकीच्यांसाठी सांगते, की तिथे भट्ट्यांमध्ये कोळसा भाजून त्याचा कोक करतात, आणि भट्टीच्या माथ्यावर उभं राहणाऱ्या माणसाच्या जोड्यांचे तळवे उन्हाळ्यात मऊ पडतात. नाइट शिफ्ट असली की बाबा सकाळी सातला यायचे, सायकल भिंतीला टेकवायचे, ते जडशीळ जोडे उंबऱ्याबाहेर काढायचे आणि दोन पोळ्या खाऊन जे पडायचे ते दुपारी दोनपर्यंत. तेवढा वेळ आमचं सेक्टरमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर पाय न वाजवता चालायचं. आई डाळ कुकरमध्ये न लावता पातेल्यात शिजवायची. उतईहून येणारा दूधवाला राऊत घंटीला हात न लावता कडीवर नखाने दोनदा टिक टिक करायचा. ताईला आणि मला भांडायचं असलं तर मागच्या दारी जाऊन कुजबुजत भांडावं लागे. कुजबुजत भांडण्यात काही मजा नसते, त्यामुळे आमच्यात फारशी भांडणं झालीच नाहीत, आणि माझ्या पोरी किती शहाण्या म्हणून आई जगभर सांगत फिरायची.

आम्ही मूळ भंडाऱ्याकडचे. आजोबांच्या वाट्याला आलेली धानाची बांधी चौघा भावांत पुरेना म्हणून बाबा इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, राऊताशी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, असा आमचा संसार तीन भाषांत चालायचा. त्या झोपेच्या शांततेला मात्र एकच भाषा होती आणि ती आईची होती. "तुमचा बाप आगीच्या डोक्यावर उभा रायते," ती म्हणायची. "डोळा लागला त्याचा तिथं, तं?" त्या 'तं'च्या पुढे ती कधीच गेली नाही. आम्हीही विचारलं नाही.

कोक्याला बाबांनीच आणलं. मी नववीत होते. कॅन्टीनमागे सापडलेलं काळं कुळकुळीत पिल्लू डब्याच्या पिशवीतून बाहेर निघालं तेव्हा त्याचं नाव आपोआपच ठरलं. आईने त्याला नळाखाली धरून कपड्याच्या पावडरीने दोनदा धुतलं, आणि काळं पाणी वाहून गेल्यावर खालून निघालं तांबूस कानांचं पांढरं पिल्लू. नाव काही बदललं नाही. पांढऱ्या कुत्र्याला कोक्या का म्हणता, असं कुणी विचारलं की बाबा आईकडे बघून म्हणायचे, "मीबी काळाच होतो बापा. हिनं धुतला." आई खोटं खोटं रागवायची आणि पदरात हसायची.

पण पिल्लू भुंकायचं. सायकल गेली, भुंकलं. पान पडलं, भुंकलं. नाइट शिफ्टचा आठवडा आला आणि बाबा सलग तीन दिवस झोपले नाहीत. चौथ्या दिवशी ते लाल डोळ्यांनी उठून आले, आवाज न चढवता म्हणाले, हे काही जमत नाही, जिथून आणलं तिथं सोडून येतो. मी रडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. मला कुणी काही शिकवलं नव्हतं. जे सुचलं ते केलं. बाबांचे जोडे दाराशी आले की मी त्याच्यासमोर उकिडवी बसायची, ओठांवर बोट ठेवायची आणि हळूच म्हणायची, बाबा झोपले. तो गप्प राहिला तर पोळीचा तुकडा. भुंकला तर त्याच्याकडे पाठ. शाळा बुडवून बसले मी, आणि आठव्या दिवशी कोक्या गप्प राहायला शिकला. मला वाटत होतं तो माझे शब्द शिकतोय, माझं बोट शिकतोय. तो शिकला जोडे. उंबऱ्यावर जोडे असले की तोंड मिटायचं, जोडे गेले की घर आपल्या ताब्यात. मी समोर नसले तरी, बोट दाखवलं नाही तरी, हेच. हे मला लवकरच कळलं, आणि मी कुणाला सांगितलं नाही. मला ते माझं गुपित वाटायचं.

एका उन्हाळ्यात आईने अंगणात खाटेवर घातलेले उडदाचे पापड गाईने येऊन सावकाश, एक एक करून खाल्ले. कोक्या शेजारी बसून बघत होता. शेपूट तेवढी हलत होती. आई बाहेर आली तोवर खाटेवर चार पापड उरले होते. आम्ही सगळ्या तोंडावर हात दाबून हसलो, कारण बाबा आत झोपले होते. आई दहा दिवस ज्याला त्याला सांगत होती, "पापड गेले तं गेले, पण त्यानं ह्यायची झोप नाही मोडू देली." त्या पापडांची आठवण आली की आज मला हसू येत नाही.

बाबा रिटायर झाले तेव्हा छत्तीसगड नवंनवं राज्य झालं होतं, आणि सुपेल्याच्या बाजारातल्या अर्ध्या पाट्यांवर अजून मध्य प्रदेशच होतं. शेवटच्या दिवशी बाबांना घरी पोचवायला त्यांच्या पाळीतली सगळी माणसं आली. जीप, गुलाल, गळ्यात नाकापर्यंत हार, आणि पुढे ढोलताशे. आमच्याकडे रीतच तशी. माणूस लग्नात एकदा आणि रिटायर होताना एकदा असा वाजतगाजत येतो. बाबा त्या दिवशी कोणाच्या तरी हौसेने आणलेल्या नव्या चपला घालून आले. जोडे पिशवीत होते. कोक्या दारात उभा राहून वाट बघत होता, त्याला गुलालाने माखलेला एक माणूस दिसला, कानठळ्या बसवणारा आवाज आला, आणि तो खाटेखाली शिरला तो दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आला. खाटेखालची फरशी ओली होती. आई म्हणाली, भ्याला बिचारा. तेवढ्यावर आम्ही विषय सोडला.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्यात कुत्र्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. क्वार्टर सोडायचं होतं. रुआबांध्याला बाबांनी घर बांधायला काढलं होतं ते जेमतेम उभं राहिलं होतं. रोज एक भिंत रिकामी व्हायची. देव पेटीत गेले, पलंग खोलला गेला, ताईच्या लग्नाचा फोटो उतरवला तिथे भिंतीवर एक स्वच्छ चौकोन राहिला. कोक्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नुसता फिरायचा. जीभ बाहेर, जणू वैशाख असावा. खाणं सुटलं. आणि दुपारी अडीचला, मग रात्री साडेदहाला, बाबा ज्या ज्या वेळेला ड्यूटीवरून यायचे त्या प्रत्येक वेळेला, तो दाराशी जाऊन मान वर करून रडायचा. बाबा घरातच, त्याच्या शेजारी बसलेले असायचे. तो त्यांचा हात चाटायचा आणि पुन्हा दाराकडे बघून रडायचा. बाबा म्हणायचे, "अबे, मी इथंच हाओ ना." त्याला ते पटायचं नाही. त्याच्या हिशोबाने ज्याचे जोडे आले नाहीत तो माणूस अजून आलेला नव्हता.

नव्या घरात आईने जोड्यांना बंदी केली. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी सामान भरताना तिने ते दोन्ही जोडे उचलून कचऱ्याच्या ढिगात टाकले. बाबा नुसते बघत राहिले, म्हणून मीच म्हटलं, राहू दे की. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तीस वर्सं या जोड्यायची वाट पायली मी. दारात दिसले का जीवात जीव येत होता. नाही दिसले का घड्याळ पाहत बसत होती. आता नाही पाहाचे मले ते." तिने कोक्याचं झोपायचं पोतंही फिनेलच्या पाण्यात धुऊन काढलं. नव्या घरात त्याच्यापुरती आपल्या घराच्या वासाची एकही गोष्ट उरली नाही.

रुआबांध्याच्या घराला पुढे फरशीचं अंगण होतं, भोवती पुरुषभर भिंत आणि लोखंडी फाटक. भिंतीपलीकडे मिश्रा आंटी. फार चांगली बाई, पण कान तिखट. चौथ्याच दिवशी ती फाटकाशी येऊन आईला म्हणाली की नव्या घरात कुत्रा असा रडणं बरं नव्हे, अपशकुन असतो. आईच्या मनात ते आधीच होतं, आता ते दुसऱ्याच्या तोंडून आलं. तिने कोक्यावरून मीठ-मिरच्या उतरवल्या. मिरच्यांचा ठसका आम्हा सगळ्यांना लागला, कोक्याला सगळ्यात जास्त, आणि त्यानंतर तो चुलीच्या खोलीतही येईना. पुढच्या पायाचा पंजा तो चाटत राहायचा, चाटून चाटून तिथले केस गेले, खालची गुलाबी कातडी दिसायला लागली. शेवटी आई म्हणाली, आठ दिवस बघते, नाहीतर राऊताला देऊन टाकते, त्याच्या गोठ्यात राहील. पुन्हा आठच दिवस.

मी तेव्हा बी.एससी. होऊन बँकेच्या परीक्षांची तयारी करत होते. म्हणजे पुस्तकं उघडी ठेवून बसत होते. कोक्याला घेऊन मी जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. म्हातारा, चिडका माणूस होता. कोक्याचा पंजा हातात घेऊन त्याने मलाच झापलं. "घर बदला है तो बाकी कुछ मत बदलो," तो म्हणाला. "कोई पुरानी चीज़ दो इसे. अकेला छोड़ना है तो पहले पाँच मिनट, फिर दस. पास बैठो इसके. और जल्दी मत करना." घरी येऊन मी बाबांना हे सांगितलं. ते उठले, अंगणातल्या हत्यारांच्या पेटीतून पान्यांखालून एक सिमेंटची पिशवी काढली, आणि आतून जोडे निघाले. कचऱ्यातून कधी उचलले होते देव जाणे. "तुह्या मायले सांगजो नको," एवढंच म्हणाले.

आई दुर्गला गेली होती. ताई तिथे दिलेली, तिचं बाळंतपण नुकतंच झालेलं, त्यामुळे आई सकाळी नऊच्या बसने जायची ती चारला परतायची. मी जोडे उंबऱ्यावर ठेवले. कोक्या फिरता फिरता थांबला. जवळ आला, हुंगलं, एक मोठा सुस्कारा सोडला, माणसासारखा, आणि जोड्यांवर हनुवटी टेकून आडवा झाला. त्या दुपारी अडीच वाजले आणि तो रडला नाही. बाबांचे डोळे भरून आले होते. मी त्याच्याजवळ बसून राहिले, डॉक्टरने सांगितलं तसं पाच मिनिटं आत, पुन्हा बाहेर, दहा मिनिटं आत. चार वाजायच्या आत जोडे पुन्हा पेटीत. चारपाच दिवस मी हे मनापासून केलं. या सगळ्या हकिकतीत तेवढेच चारपाच दिवस मला ताठ मानेने सांगता येतात.

सुधारणा बघून आईने माझं कौतुक केलं. मिश्रा आंटी म्हणाली, "जादू कर दिया बिटिया ने." मग मी आळशी झाले. जवळ बसायची गरजच काय, जोडे ठेवले की काम होतंय. पाच मिनिटं, दहा मिनिटं हे सगळं सोडलं आणि आईची बस सुटली की जोडे दारात, आई यायच्या आत पेटीत, असा माझा नेम सुरू झाला. मला शांतता मिळायची, आत पुस्तक तोंडावर घेऊन झोपता यायचं. कोक्याचा पंजा बरा होत नव्हता, उलट आता मधून रक्त दिसत होतं. ते मी बघत होते. भीती आत तशीच होती, मी तिचा फक्त आवाज बंद केला होता. तेव्हा हे कळलं नाही असं म्हणायची सोय आहे, पण खरं सांगायचं तर मी त्यावर विचारच केला नाही.

त्या दिवशी आई निघताना म्हणाली, "आज कुठं जाजो नको. ह्यायचं डोकं दुखून राहिलं, बीपीची गोळी घेतली का नाही ते पाहाजो." मी हो म्हटलं. दहाच्या सुमाराला मैत्रीण आली. सुपेल्यातल्या टेलरकडे आमचे सूट त्या दिवशी मिळायचे होते. मी बाबांना म्हटलं, अर्ध्या तासात येते. ते अंगणात पाइप धरून नव्याने लावलेल्या जास्वंदीला पाणी घालत होते. मान हलवून म्हणाले, जा. गोळीचं मी विचारलं नाही. फाटकाबाहेर पडता पडता मला मिश्रा आंटीची आठवण झाली. मी बाहेर गेले की कोक्या रडणार, आंटीला कळणार, आणि आंटी संध्याकाळी आईला सांगणार. मी परत फिरले, पेटीतून जोडे काढले, उंबऱ्यावर ठेवले. कोक्या लगेच खाली बसला. मी त्याच्याकडे बघून, लाडाने, ओठांवर बोट ठेवलं.

टेलरचं काज-बटण राहिलं होतं, म्हणून थांबलो. मग गुपचुप, म्हणजे आमच्याकडची पाणीपुरी, खाल्ली. मग मैत्रिणीला बांगड्या बघायच्या होत्या. चैत्राचं ऊन चढलं, तर रसाच्या दुकानात बसलो. कुठलंच मोठं कारण नव्हतं. एखाद्या मोठ्या कारणासाठी गेले असते तर आज स्वतःशी काही भांडता तरी आलं असतं. मी फाटकाशी परतले तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. फाटकाखालून पाणी वाहत रस्त्यापर्यंत गेलं होतं.

बाबा जास्वंदीपाशी कुशीवर पडले होते. पाइप अजून हातात होता. उन्हाने चेहरा तांबारला होता, तोंड एका बाजूला ओढलं होतं, डोळे उघडे होते आणि मला बघत होते. कोक्या त्यांच्या छातीला चिकटून ओल्या फरशीवर बसला होता. तो थरथरत होता. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, पंजा रक्तबंबाळ झाला होता, आणि तोंड मिटलेलं होतं. उंबऱ्यावर एकच जोडा होता. दुसरा त्याने ओढत नेऊन बाबांच्या पायाशी टाकला होता. तो कशासाठी नेला असेल याचा विचार मी आयुष्यभर करत आले.

पुढचं जे लिहायचं आहे त्यासाठीच खरं तर हे प्रकरण लिहायला घेतलं, आणि इथवर येऊन तीन दिवस कागद तसाच ठेवला. मी ओरडले नाही. बाबांजवळ बसले नाही. आंटीला हाक मारली नाही. मी आधी जोडे उचलले. उंबऱ्यावरचा एक, बाबांच्या पायाशी पडलेला दुसरा, दोन्ही पिशवीत घातले, पेटीत पान्यांखाली नीट सारले, पेटीचं झाकण लावलं, आणि मग किंकाळी फोडली. हे सगळं होईपर्यंत बाबांचे डोळे माझ्यामागे फिरत होते.

जोडे गेल्याबरोबर कोक्या भुंकायला लागला. असा भुंकला की चार घरं बाहेर आली. मिश्रा आंटीचा मुलगा गाडी काढून आला. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, केव्हा पडले. मी म्हटलं, मी अर्धा तासच बाहेर होते. तो म्हणाला, यापेक्षा बराच वेळ झालेला दिसतो, लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं. बाबांचा जीव वाचला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मिश्रा आंटी आईच्या पाठीवर हात फिरवत रडत म्हणाली, "पानी तो मैंने बहते देखा था, बहन. लेकिन कुत्ता चुप था, तो सोचा सब ठीक है."

आई मला एक शब्दही बोलली नाही. अर्धा तास बाहेर गेलेल्या पोरीला काय बोलायचं. तिचा सगळा राग कोक्यावर निघाला. "सहा वर्सं पोळी खाल्ली या घरची," ती म्हणाली. "मालक मरून राहिला आन् हा तोंड मिटून बसला." मी चाचरत म्हटलं, त्याला वाटलं असेल बाबा झोपले. "उन्हात? पान्यात? आंधळा हाये का तो?" मी खाली बघितलं. एका वाक्याचं काम होतं. आई, जोडे मी ठेवले होते. ते वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर होतं असंही म्हणवत नाही. ते फार आत होतं आणि मी ते आणखी आत ढकलत होते. दुसऱ्या दिवशी राऊत सायकलला रिकामे डबे बांधून, मागे कोक्याला दोरी लावून निघाला. माझा चेहरा बघून, काळजी नको करू पोरी अशा अर्थाने, तो म्हणाला, "चिंता झन कर नोनी, मोर कोठा म राही." कोक्या वळणापर्यंत मागे वळून वळून बघत होता. एकदाही ओरडला नाही, आणि या वेळी तर दारात जोडेही नव्हते.

बाबा घरी आले. मी त्यांचं सगळं केलं. अंग पुसणं, भरवणं, कुशीवर वळवणं, सकाळ-संध्याकाळ हातापायांना तेल. लोक म्हणायचे, मुलगी असावी तर अशी. दर वेळी माझी मान खाली जायची आणि लोकांना तो विनय वाटायचा. तिसऱ्या महिन्यात बाबांच्या तोंडून पहिला शब्द उमटला. आई पेज भरवत होती, मी पायाशी बसले होते. त्यांनी खूप वेळ ओठ जुळवले आणि म्हणाले, "जोडे." आईच्या हातातला चमचा तसाच राहिला. तिने डोळे पुसले आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, "ड्यूटी सरली आता. कायचे जोडे?" बाबा तिच्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी पेटीतून पिशवी काढली आणि उतईला गेले. मनाशी म्हटलं होतं, जोडे कोक्याला देऊन टाकावेत, त्याला तेवढाच आधार. गोठ्याच्या अलीकडे शंभर पावलांवरच त्याचं भुंकणं ऐकू आलं. राऊत हसून म्हणाला, "इहाँ तो अड़बड़ भूँकथे नोनी. गाय-गरुवा घलो डर्रा जाथे." मला बघून कोक्या वेडापिसा झाला. अंगावर उड्या, तोंड चाटणं, मग माझ्या मागे जाऊन रस्त्याकडे बघणं, बाबा येतायत का म्हणून. त्याचा पंजा भरून आला होता. पांढरे केस परत उगवले होते. मी पिशवीतून जोडे काढून गोठ्याच्या दाराशी ठेवले. तो जागच्या जागी थिजला. शेपूट पोटाखाली गेली. हळूहळू येऊन जोड्यांपाशी बसला, तोंड मिटलं, आणि माझ्याकडे बघत तो बरा झालेला पंजा चाटायला लागला. मी जोडे उचलून परत पिशवीत घातले आणि जवळजवळ पळतच निघाले. तलावाच्या वळणापर्यंत त्याचं भुंकणं मागून येत होतं, मोकळं, घसा फाडून.

त्याला घरी आणायचा एकच रस्ता होता, आईला खरं सांगणं. बसमध्ये बसून मी पुरतं ठरवलं. वाक्यं जुळवली. घरी आले तेव्हा दिवेलागण होत होती. आई बाबांच्या खाटेजवळ खाली बसून मेथी निवडत होती. मी चपला काढल्या, तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आई, त्या दिवशी..." तिने वर बघितलं. तिच्या खांद्यावरून मला बाबा दिसत होते. त्यांनी डावा हात उचलला. त्यांना तो हात उचलायलाही त्रास व्हायचा. बोट वाकड्या ओठांशी नेलं आणि तिथे ठेवलं. क्वार्टरमध्ये मी कोक्यासमोर उकिडवी बसायची तेव्हा ते झोपलेले असायचे असं मी समजत होते. ते बघत असले पाहिजेत. अगदी तसंच बोट होतं, तेवढंच लाडाचं.

"काय त्या दिवशी?" आईने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "नळ चालू राहिला होता, त्याचं आठवलं."

बाबांनी मला वाचवलं आणि त्याची किंमत कोक्याने दिली, हे त्या क्षणी आम्हा दोघांनाही कळत होतं. पण मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. ते बोट बघून मला हायसं वाटलं. मी आईच्या पुढ्यातली मेथीची जुडी ओढली आणि निवडायला लागले, आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

बाबा आणखी चार वर्षं होते. आई गेली त्याला आता वर्ष होतंय, आणि माझ्या स्वतःच्या गुडघ्यांनी कुरकूर सुरू केली आहे. आई गेल्यावर बोलायला मोकळीक झाली खरी, पण ज्याला सांगायला हवं होतं असं कुणी उरलं नाही. कोक्या तर बाबांच्याही आधी गेला. पावसाळ्याचे दिवस होते. राऊताने सवयीने कडीवर नखाने दोनदा टिक टिक केलं, मी पातेलं घेऊन दारात गेले, आणि दूध ओतता ओतता तो म्हणाला, "तोर कुकुर ह नइ रिहिस नोनी. काली बिहनिया." म्हणजे काल सकाळी गेला. मी विचारलं, शेवटी भुंकत होता का. तो म्हणाला, हो, आदल्या संध्याकाळपर्यंत. मी पातेलं घेऊन आत आले. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, राऊत काय म्हणत होता. खाटेवरून बाबा माझ्याकडे बघत होते. या वेळी त्यांनी हात उचलला नव्हता.

"काही नाही," मी म्हटलं, आणि दूध तापायला ठेवलं.